जात्याची घरघर

रंगूनं खुंटा धरून जात्याचा जेमतेम एक फेरा घातला, आणि तिच्या लेकीनं, चंद्रानं, कानांवर हात दाबून घर डोक्यावर घेतलं.

"राहू दे गो, उठ," तिचा नवरा हैबती म्हणाला.

रंगू उठली. सुपातली नाचणी परत टोपलीत गेली.

भूकंप झाल्यापासून रोजचं हेच. त्या पहाटे रंगू दळत होती. जमीन घरघरली, ती तिला जात्याचीच घरघर वाटली. ती आपली दळतच राहिली, आणि मागच्या खोलीची भिंत निजलेल्या चंद्रावर आली. वर वासा आडवा पडला म्हणून पोर वाचली, खरचटण्यावर निभावलं. पण तेव्हापासून जातं हललं की ही रडलीच.

मग काय, हैबती दळण डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा, पोलादपूरच्या चक्कीवर दळायचा, नि पुन्हा चढायचा. मुंबईला गोदीत कामाला तो, भिंत उभी करायला रजा काढून आलेला. भिंत झाली, रजाही संपत आली. रंगूला सातवा महिना. तो गेला की हे ओझं तिच्याच डोक्यावर.

शेजारची ठकूबाई पोरीची दृष्ट काढून गेली. जाताना म्हणालीच, "आमच्या वेळेला पोरी जात्याच्या आवाजावर निजायच्या. ही काय सासरी उपाशी बसणार हाय?"

"तवर तुझ्याकडं धाडतो, तू शिकव," हैबती म्हणाला.

शेवटी त्यानं शाळेतल्या गुरुजींना गाठलं. ते म्हणाले, "रागावू नका, हसूही नका तिला. जातं तिच्याच हातात द्या. तिनं फिरवलं तर फिरेल, तिनं थांबवलं की थांबेल. मग बघा भीती राहते का."

दुसऱ्या दिवशी रंगू पाण्याला गेली तशी हैबतीनं चंद्राला जात्यापाशी बसवलं. मूठभर नाचणी घातली. तिचा हात खुंट्यावर ठेवला, वर आपला ठेवायला गेला, तर तिनं तो बाजूला सारला.

"तू नको बाबा. मी करते."

आणि केलं की तिनं. एक फेरा, दुसरा, मग फिरतच राहिलं. जातं घरघरतंय, पीठ निम्मं जमिनीवर सांडतंय, आणि पोर खुदुखुदु हसतेय. हैबतीला वाटलं, सुटलो. आता खुशाल मुंबईची गाडी धरावी.

"गेलं का नाय भ्या?" त्यानं विचारलं.

"कुणाचं?"

"तुझं गो. जात्याचं."

"मला नाय वाटत भ्या."

"मग रोज रडतेस ती कशाला?"

चंद्रानं जातं थांबवलं. दाराबाहेर डोकावून आली. मग बापाच्या कानाशी लागून म्हणाली, "जात्यावर बसली की आयचे हात कापतात. मी रडले की तू तिला उठ म्हणतोस."