खर्जातल्या शोभाताई

"तुम्ही फक्त ऐका," मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी टेपचं बटण दाबलं.

सावनेरच्या त्या घरात, खाटेवर शोभाताई लांजेवार बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर पदर, हात मांडीवर. शेजारी त्यांची नात रितिका उभी होती. मुकुंदराव नागपूरहून एसटीने आले होते. तो जुना जाडजूड टेप त्यांनी सबंध रस्ताभर मांडीवर धरला होता. खाली ठेवला तर गचके बसतील, म्हणून.

एकोणनव्वद साली नागपूरच्या गांधीबागेतल्या एका लहानशा कंपनीने शोभाताईंची कॅसेट काढली होती. आठ गाणी. ती काही खपली नाही. शोभाताईंनी गाणं सोडलं आणि लोक त्यांना विसरले. एकटे मुकुंदराव विसरले नाहीत. हा माणूस कारकून म्हणून निवृत्त झाला खरा, पण आयुष्यभर केली ती शोभाताईंची वकिली. लग्नाची पंगत असो की पानठेला, कुणी एखाद्या मोठ्या गायिकेचं नाव काढलं की यांचं सुरू. "खर्जात गाणारी बाई ऐकली का कधी? अहो, पेटीसुद्धा तिच्यामागे खाली उतरते!" याच वादात साडूशी बोलणं तुटलं, ते चार वर्षं तुटलेलंच राहिलं.

लोक कॅसेट मागून न्यायचे. आपल्या घरी, आपल्या मशीनवर ऐकायचे आणि परत देताना म्हणायचे, "ठीक आहे. चारचौघींसारखाच आवाज आहे की." मुकुंदरावांचं डोकं फिरायचं. यांची मशीनच भंगार, दुसरं काय! स्वतःचा टेप मात्र त्यांनी जिवापाड जपला. त्यात दुसऱ्या कुणाची कॅसेट घालायची नाही, हा घरातला कायदा होता. सीताबर्डीवरचा सुशील मेकॅनिक एकदा म्हणाला होता, "काका, मोटर तरी पाहू द्या याची." मुकुंदरावांनी त्याला हात लावू दिला नाही. आवाज बिघडला असता तर?

यंदा नागपूरच्या महाल भागातल्या संगीत मंडळाने शोभाताईंच्या गाण्याला अर्धा तास दिला. बहुतेक यांच्या कटकटीला कंटाळूनच दिला असावा. मुकुंदरावांनी पत्रकं छापली आणि घरोघरी स्वतः वाटली. 'विदर्भाचा खर्ज : शोभाताई लांजेवार. रविवारी सायंकाळी सहा वाजता.' साडूच्या दारातही एक टाकून आले. शोभाताई फोनवर हो म्हणाल्या होत्या, पण गाणं सोडून त्यांना जमाना झाला होता. स्वतःचा आवाज ऐकला की गळ्याला आठवेल, असं मुकुंदरावांना वाटलं. म्हणून आजची ही खेप.

तिसरं गाणं लागलं. माहेरच्या अंगणातल्या शेवग्याचं. आवाज खोल, जड, सावकाश. एकेक शब्द जमिनीतून वर आल्यासारखा. मुकुंदरावांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. उघडले तेव्हा शोभाताईंच्या गालावरून पाणी वाहत होतं. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"कोण वं ही बाई?" शोभाताईंनी नातीला विचारलं.

मुकुंदराव हसले. "ताई, तुम्हीच! तुमचीच कॅसेट आहे ही."

"नाही जी." शोभाताईंनी पदराने डोळे पुसले. "गाणं माहंच आहे. आवाज माहा नाही. माहा आवाज बारीक होता. गाण्याचा मास्तर म्हणे, खाली उतर, अजून खाली उतर. मले उतरताच नाही आलं. म्हणून तं सोडलं मी."

वय झालंय, मुकुंदरावांनी मनात म्हटलं. विसरल्या असतील.

"थांब आजी," रितिका म्हणाली. घरातली कॅसेट तिच्या काकाने कधीतरी मोबाइलवर उतरवून ठेवली होती. तिने तेच गाणं लावलं. तेच शब्द, तीच पेटी. दुसऱ्या कडव्याआधी गायिका हळूच खोकते, तो मुकुंदरावांना पाठ असलेला खोकलाही तोच. पण आवाज बारीक होता, घाईतला, शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकू येतो तसा. मुकुंदरावांचं गाणं जिथे शेवटच्या कडव्यात असायचं, तिथे हे संपून गेलं.

"आजोबा," रितिका जपून म्हणाली, "तुमची मशीन स्लो चालून राहिली. म्हणून आवाज जाड येऊन राहिला."

मुकुंदरावांनी टेपच्या काचेतून आत पाहिलं. चाकं सावकाश फिरत होती. पहिल्या दिवसापासून ती अशीच फिरत आली होती. त्यांना सुशील आठवला. मग साडू आठवला. कॅसेट परत देताना "ठीक आहे" म्हणणारी ती सगळी माणसं आठवली. कुणीच खोटं बोललं नव्हतं. त्यांना इतकी लाज वाटली की नातीच्या वयाच्या त्या मुलीकडे बघवेना.

"गाडी किती वाजता आहे परतीची?" त्यांनी विचारलं.

शोभाताईंचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. मशीन हळू चालते की भराभर, त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्या खाटेवरून उठल्या, टेपजवळ आल्या आणि लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. आतून तो जड आवाज अजून येतच होता.

"भाऊ, रविवारी मले नका नेऊ," त्या म्हणाल्या. "हिलेच बोलवा. मी समोर बसून ऐकीन."