आग्नेयेची फरशी

"ह्या कोपऱ्यातली फरशी काढ," भटजी म्हणाले. "हातभर खड्डा पुरे."

केरबा गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन आला होता. तो नुसता उभाच राहिला.

होम आटोपला होता. वास्तुपुरुषाची बोटाएवढी चांदीची प्रतिमा श्यामलाबाईंच्या मुठीत होती. ती आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरायची, वर पुन्हा फरशी बसवायची, की वास्तुशांत झाली. विकणाऱ्यानं घर अगदी नवं करून दिलं होतं. पांढरीशुभ्र फरशी, ताजा रंग, आणि ह्या दर्शनी खोलीला तर खांद्यापर्यंत गुळगुळीत टाइल. आजारी माणसाच्या खोलीला पुसायला किती बरी! ती टाइल बघूनच बाईंनी घर पसंत केलं होतं. आणि दाराला पायरी नको म्हणून ज्यानं घराचं काम केलं त्याच केरबाकडून गेल्या आठवड्यात उतार करून घेतला होता.

त्या उताराच्या माथ्यावर, चाकांच्या खुर्चीत, बाईंचे यजमान गुरुप्रसाद बसले होते. अर्धं अंग गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर काढली होती. आज ते रस्त्यानं नदीकडं निघालेल्या म्हशी बघत होते. धूर नको म्हणून बाहेर बसवलं होतं, पण त्यांना आत यायची घाईच नव्हती. इतका खूश माणूस बाईंनी फार दिवसांत बघितला नव्हता.

"भटजीकाका, दुसरा कोपरा चालंना का?" केरबा म्हणाला.

"आग्नेय म्हणजे आग्नेय. तुझ्या सोयीनं दिशा फिरवू का आता?"

"न्हाय, फरशी फुटंल की. ह्या जातीची आता मिळायची न्हाय."

"फुटली तर फुटली," बाई म्हणाल्या. "तुम्ही काढा केरबा, मुहूर्त टळतोय. तोवर मी ह्यांना आत आणते. प्रतिमा त्यांच्या हातानं ठेवायची आहे."

त्यांनी बाहेर जाऊन खुर्ची फिरवली. पुढची चाकं उंबऱ्याशी आली आणि केरबानं हातोडा टाकून खुर्ची समोरून धरली.

"खुर्ची आत आणू नगासा, बाई."

"का?"

"पाया पडतो. ह्या कोपऱ्यात खुर्ची नगं."

आता माणूस एवढं बोलल्यावर कळायचं काय राहतं? बाईंनी तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. काही लपवणारं तोंड त्यांना नवीन नव्हतं.

"फरशी काढा," त्या म्हणाल्या.

केरबानं एकच घाव घातला. फरशी फुटली. खाली दोन बोटं सिमेंट होतं, तेही फुटलं, आणि त्याखाली काहीच नव्हतं. त्यानं आत गज घातला. गज संपला, कोपरापर्यंत हात गेला, तरी टेकला नाही. गाळाचा कुबट वास खोलीभर पसरला. भटजींनी आपला पाट मागं ओढला.

बाईंनी आत येऊन ताटातली एक सुपारी उचलली आणि त्या भोकात टाकली. खालून पाण्याचा आवाज आला.

"हे पुरानं झालं?" बाईंनी विचारलं.

"एकवीस सालच्या पुरानं. खालची भर सगळी धुपून गेली. मी मालकास्नी म्हणालतो, उकरूया, मुरूम भरूया, मग फरशी घालूया. त्ये म्हणले, मला विकायचंय, ऱ्हायाचं न्हाय. वरनं कोबा मार."

"आणि तुम्ही मारलात."

"मारला."

"ही भिंतीची टाइल?"

केरबानं आपल्या खांद्याला हात लावला. "पाणी हितवर हुतं."

बाईंना रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. टाइलवर हात फिरवून आपणच म्हणालो होतो, किती छान काम आहे! परत जायचं तरी कुठं? जुन्या फ्लॅटच्या किल्ल्या काल दिल्या होत्या. तिथं आज दुसऱ्यांचा पाळणा टांगला असेल.

"आणखी कुठंकुठं पोकळ आहे?"

केरबानं थापी उलटी धरली आणि गुडघ्यावर बसून दांड्यानं एकेक फरशी ठोकू लागला. चांगली टणक वाजायची. पोकळ असली की ढबढब.

"खुणा करत जा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कुंकवाचा करंडा त्याच्यापुढं सरकवला.

"अहो वहिनी, ते पूजेतलं..." भटजी म्हणाले.

"असू दे."

केरबानं हात पँटीला पुसला, कुंकवात बोट बुडवलं आणि पहिल्या फरशीवर टिकली लावली. मग दुसरीवर, तिसरीवर. खिडकीखाली लावली. खाट मांडली होती तिच्या चारही पायांपाशी लावली. होमाच्या विटा ठेवल्या होत्या तिथंही एक. भटजींनी पळी-पंचपात्र आवरायला घेतलं. केरबा ठोकत ठोकत दाराशी आला तेव्हा त्याच्यामागची पांढरी फरशी लाल टिकल्यांनी भरली होती.

उंबऱ्यापाशी तो थांबला. समोर गुरुप्रसादांचे पाय होते.

"आणि हा उतार?" बाईंनी विचारलं.

"त्यो तुमच्यासाठी केलाय, बाई," केरबा मान वर न करता म्हणाला. "त्यो भरीव हाय."

बाई त्याला ओलांडून बाहेर गेल्या. त्यांनी खुर्चीचं तोंड पुन्हा रस्त्याकडं केलं. म्हशी पुढं निघून गेल्या होत्या. गुरुप्रसादांनी चांगला हात पुढं केला तेव्हा बाईंना आपल्या मुठीतल्या प्रतिमेची आठवण झाली. ती त्यांनी त्या हातावर ठेवली.

दुखण्यानंतर गुरुप्रसादांना दोन-चार शब्दच नीट यायचे.

"आत?" त्यांनी विचारलं.

श्यामलाबाईंनी खुर्चीचा ब्रेक लावला आणि त्या शेजारी उतारावर बसल्या.