ओडीलचा नेम

"आजाऱ्याला वाट पाहायला लावू नकोस, ओडील," फादर लेओंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. फादर जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात ओडीलचा नेम चुकला नव्हता. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली की ती ख्रिस्तप्रसाद घेऊन इस्पितळात अर्धांगवायूच्या वॉर्डात जाई. ज्यांचा हात उचलत नसे, त्यांच्या जिभेवर स्वतः ठेवी. गिळता येत नसेल तर तांदळाच्या दाण्याएवढा.

यंदा त्या वॉर्डात तिचा धाकटा भाऊ आन्सेल्मही होता. तो काठी धरून चालू लागला होता. ईस्टरला घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते.

मग वॉर्डात फ्लू शिरला.

आधी बेर्त गेली. नुकतीच लेकीला नावाने हाक मारू लागली होती; ताप चढला, छाती भरली, वाचा पुन्हा बसली आणि त्यातच संपली. मागोमाग म्हातारा कोळी विल्फ्रेड. नर्स रेजान सांगे, मेंदूचा घाव माणूस कसाबसा पेलतो, पण त्यावर हा ताप आला की सावरलेलाही कोसळतो.

"कुणीतरी बाहेरून आणतंय," ती ओडीलला म्हणाली. "भेटायला येणाऱ्यांतलंच."

ओडीलला विल्फ्रेडचा जावई झेराल आठवला. सासरा गेल्यावरही तो शेजारच्या खाटेवरच्या चुलत्यासाठी येई, बोटीवरून सरळ, खोकत. तिने हलक्या आवाजात तेवढं रेजानच्या कानावर घातलं. त्याचं येणं बंद झालं, आणि दारात प्रत्येकाचा ताप मोजू लागले.

झेराल तिला जिन्यात भेटला. "तुमच्या देवाला फक्त माझंच खोकणं ऐकू येतं वाटतं, ओडीलबाई."

तिने त्याच्यासाठीही प्रार्थना केली.

दोन दिवसांनी त्या चुलत्यालाही ताप भरला. संध्याकाळी त्याची खाट रिकामी होती.

आन्सेल्म त्या खाटेकडे बघतच नव्हता. वाकड्या ओठांनी त्याने विचारलं, "ताई, आता माझी पाळी का?"

"वेडा कुठला. तुझ्यासाठी कोंबडीचा रस्सा करायचाय मला."

"रोज ये. तू आलीस की भीती जाते."

"येईन. शब्द दिला."

तिने त्याच्या कपाळावर क्रूस काढला. त्याने डोळे मिटले. "तुझा हात किती ऊबदार असतो गं."

सकाळी बर्फ पडत होतं. मिस्सेनंतर सगळे पांगले, तरी ओडील चर्चच्या मागल्या खोलीत कोट गुंडाळून बसून राहिली. बेर्त आजारी पडायच्या आधीपासून हे असंच चाललं होतं. तापाच्या गोळ्या लागू पडल्या, दात वाजायचे थांबले, कपाळाला घाम फुटला. आता दारातलं यंत्र काही दाखवणार नव्हतं. तिने चेहरा पुसला आणि भावाला दिलेला शब्द पाळायला हळूच बाहेर पडली.