आमटीचं पातेलं

जुन्या बिअरच्या पिंपाचं तोंड कापायला इलानं ग्राइंडर हाती घेतला आणि नेमके त्याच वेळी तिचे बाबा गॅरेजमध्ये येऊन उभे राहिले. तंत्रनिकेतनात शिकलेले, घरात आजवर दारूचा थेंबही न आणलेले प्रल्हादराव चार दिवसांसाठी श्रूजबरीहून लेकीकडे अमेरिकेतल्या ईडन प्रेरीला आले होते.

"हे काय चाललंय?"

घरी बिअर बनवण्याचा नाद इलानं त्यांच्यापासून लपवून ठेवला होता. बार्लीची गोणी पायानं मागे सारत ती म्हणाली, "पातेलं बनवतेय, बाबा. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणातल्या आमटीसाठी."

"मग आधी आतला गॅस सोड. कोंडलेल्या पिंपाला कोणी पातं लावतं का?"

त्यांनी ग्राइंडर तिच्या हातून काढून घेतला. झडप उघडून दाब जाऊ दिला, दोरीनं वर्तुळ आखलं आणि पिंपाचं तोंड असं कापलं, की जणू ते कारखान्यातूनच तसं आलं असावं. मग दिवसभर खपून त्यांनी कड घासली, खाली नळ बसवला.

संध्याकाळी इलानं आत डोकावून पाहिलं. तळाशी बारीक भोकांची जाळी होती.

"ही कशाला, बाबा?"

"बार्लीचा चोथा नळात अडकू नये म्हणून."

इलाची मान खाली गेली. हात पुसता पुसता बाबा म्हणाले, "चव कशी झाली, ते मला सांगू नकोस. नळ गळला, तर मात्र लगेच फोन कर."