पहिल्या रांगेवरचा दिवा

यशवंतरावांनी विंगेचा पडदा जरासा सरकवून पाहिलं. पराग तिथंच होता, लाकडी खांबाला धरून पाय ताणत. म्हणजे अजून पळाला नव्हता.

त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. पोरानं मान वळवली नाही. जन्मभर रेल्वेत माणसांवर ओरडलेला बाप मागं उभा, आणि चिरंजीव भिंतीकडं तोंड करून! यशवंतरावांचं डोकं फिरलं, पण त्यांनी राग गिळला. आज याला दुखवून चालणार नव्हतं.

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातला हा पोट्टा बॅले शिकायला मुंबईला गेला तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती. पुढं परदेशातून त्याचे फोटो छापून यायला लागले आणि तीच माणसं पेढे मागायला दारात आली. देवानं अंगात असं काही घातलं होतं की तो उडी मारायचा आणि खाली यायचं विसरून जायचा. मग कुठं माशी शिंकली कोण जाणे. एका शहरात वाद्यवृंदाच्या प्रमुखाशी भांडून त्यानं तालीम सोडली. दुसरीकडं तर भर प्रयोगातून चालता झाला. नायिका धावत आली आणि तिला झेलायला कुणी नव्हतं. बंडखोर, लहरी, मस्तवाल, काय काय छापून आलं. पराग फोन तर उचलायचाच नाही, मेसेज तेवढे पाठवायचा.

दिवाळीत तो बॅग उचलून घरी आला. यशवंतरावांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. तो टक लावून त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिला. उलटं बोलला असता तर बरं, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर खोलीचं दार लावून मायलेकांचं काय चालायचं ते देव जाणे. आत पद्मिनी, मोबाइलवर तेच ते संगीत आणि पायांची धपधप. "त्याले डोक्यावर बसवून राहिली तू," यशवंतराव म्हणायचे. पद्मिनी भाजी चिरत राहायची.

आणि आज ही शेवटची संधी. परदेशातल्या एका बॅले कंपनीतर्फे सोनिया नावाच्या बाई खास त्याला पाहायला रायपूरला आल्या होत्या. त्यांनी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं, की नाच शेवटपर्यंत झाला तर करार, अर्धवट सोडला तर यापुढं कुणीच विचारणार नाही.

कार्यक्रमाचा आयोजक यशदीप घाम पुसत आला. "काकाजी, आपका हीरो बहुत नखरे करता है," तो म्हणाला. परागची अट होती, आई पहिल्या रांगेत मधोमध बसेल आणि तिच्या डोक्यावरचा दिवा मालवायचा नाही. अंधारात बाकी सगळं सभागृह आणि उजेडात एकट्या पद्मिनीबाई, हे बरं दिसतं का? यशवंतरावांनी हात जोडले. म्हणाले, जे मागतो ते दे बाबा, पण आज त्याला नाचू दे.

ते जाग्यावर येऊन बसले. पद्मिनी लखलखीत पिवळं पातळ नेसून ताठ बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता.

"जाईन तर नाही ना तो मधातच?" त्यांनी विचारलं.

"नाही जात," ती म्हणाली. "तुम्ही फक्त चूप बसा."

संगीत सुरू झालं. पराग आला. पहिल्याच उडीला सभागृहाचा श्वास अडकला. यशवंतरावांचं मात्र नाचाकडं लक्षच नव्हतं, ते विंगेकडं पाहत होते. पोराचं पाऊल तिकडं वळलं की ते खुर्चीच्या कडेवर सरकायचे.

त्यात पद्मिनीचं वेगळंच. ब्राह्मणपाऱ्यातल्या भजनी मंडळात आयुष्य गेलेलं, त्यामुळं तिचा उजवा हात गप्प बसेना. मांडीवर थाप, मग हात वर, पुन्हा थाप. मागून कुणीतरी फिसकन हसलं. यशवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अवं, हे काय भजन आहे?" ते पुटपुटले. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात स्पीकर खरखरले आणि बंद पडले.

सगळीकडं चिडीचूप. संपलं, यशवंतरावांनी डोळे मिटून घेतले. आता हा पाय आपटत निघून जाणार, आणि उद्या तात्यापाऱ्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

पण पावलांचा आवाज थांबेना. त्यांनी डोळे उघडले. पराग नाचत होता. संगीत नाही, काही नाही, नुसता नाचत होता. "क्या बात है भैया!" मागून कुणीतरी म्हणालं. सोनियाबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या. यशदीपनं धावत जाऊन वायर खोचली, संगीत मधूनच उसळलं, आणि परागचं पाऊल नेमकं त्याच ठेक्यावर पडलं. लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

यशवंतरावांचे डोळे भरून आले. याला आपण लहरी म्हणालो? मस्तवाल म्हणालो? जिद्द म्हणतात ती हीच. आणि सगळ्यांनी हात टेकले तेव्हा याच्या पाठीशी कोण उभं राहिलं, तर ही. चारचौघांत त्यांनी कधी बायकोला स्पर्श केला नव्हता. आज न राहवून त्यांनी तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

स्टेजवर पराग थांबला.

संगीत जोरात चालू होतं. तो दोन्ही हात पसरून जागच्या जागी उभा होता, पहिल्या रांगेकडं पाहत. टाळ्या विरत गेल्या.

पद्मिनी जिवाच्या आकांतानं हात सोडवू लागली.

"सोडा हो," ती म्हणाली. "त्याले ऐकू येत नाही."