अभिप्रायाखालचं पान

पुस्तक नव्याने बांधताना मागे चिकटवलेला वाचकांच्या अभिप्रायांचा कागद फाटता कामा नये, एवढीच ग्रंथपालबाईंची अट होती. "पुस्तकापेक्षा लोक तोच आवडीने वाचतात," असं म्हणून त्या उठल्या आणि जाता जाता आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमची ताई उद्या लेकीकडे निघालीय. कायमची. भेटून या ना."

बाइंडरने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते बाईंना कळलं नाही. त्याला मात्र ठाऊक होतं.

कादंबरी जुनी होती. महायुद्ध संपल्यावर घरी परतलेला एक सैनिक. हाताला रक्ताची सवय झालेली. शहरात येऊन तो दोन खून पचवतो. शेवटी पोलीस मागावर असताना बहिणीच्या दाराशी येतो. दार वाजवतो. आत पावलं वाजतात, आणि थांबतात. संपलं.

या शेवटावरून वाचनालयात एकोणीस वर्षं भांडण चाललं होतं. मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या त्या कागदावर कुणी लिहिलं होतं, 'दोन रात्री झोप नाही. पुस्तक घरात ठेववेना.' कुणी, 'इतका काळोख कशाला? लेखकाला घरदार नव्हतं का?' एका मास्तरांनी लाल शाईत, 'शेवट निर्दय, म्हणूनच खरा.' त्याखाली कुणीतरी, 'मास्तर, तुम्हाला बहीण नाही वाटतं.' सगळ्यात खाली पेन्सिलीतला अभिप्राय बाइंडरचा स्वतःचा होता: 'तिने बरोबर केलं. अशाला दार उघडू नये.'

त्याने खून केला नव्हता. आई अंथरुणाला खिळली असताना एका क्षुल्लक बोलाचालीवरून तो घर सोडून गेला, एवढंच. दोन वर्षं ताईने एकटीने आईचं सगळं केलं. आई गेल्याचं कळल्यावर तो दारापर्यंत गेला, बाहेरच्या चपला पाहिल्या आणि तसाच परतला. त्याच आठवड्यात, एकोणीस वर्षांपूर्वी, ही कादंबरी पहिल्यांदा त्याच्याकडे बांधायला आली होती. तेव्हापासून तो ताईपासून दोन गल्ल्यांवर राहत होता. एक ताट, एक कप.

ओल्या फडक्याने त्याने कागदाच्या कडा भिजवल्या. जुनी खळ हळूहळू सैल पडली. कागद अखंड निघाला. त्याखाली आणखी एक कोरा कागद होता. तोही सोडवला, तर पुठ्ठ्याकडच्या बाजूला छापील अक्षरं.

सात ओळी. पानाचा आकडा. 'समाप्त.'

तो स्टुलावर बसला. शेवटचं पान सुटं झालेलं असणार, पाठकोरं. कोरा कागद समजून त्यानेच ते पालथं चिकटवलं होतं. त्या आठवड्यात त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि एकोणीस वर्षं सगळे त्याच्या चुकीवर मत देत होते. मास्तरसुद्धा. तोसुद्धा.

चष्मा पुसून त्याने वाचलं. पावलं थांबतात. मग आतून बहीण म्हणते, "परक्यासारखा वाजवतोस काय? तू गेल्यापासून कडी लावलीच नाही. ढकल."

पान वाळत ठेवून तो निघाला. ताईच्या दाराबाहेर बांधलेलं सामान होतं. त्याने वाजवायला हात उचलला, क्षणभर तसाच धरला, आणि दार ढकललं.