मटिल्डाच्या माहेरचे

"पाहुणे आहेत, साहेब," पास्कल म्हणाला. "माझ्या बायकोच्या माहेरचे."

महापालिकेच्या साहेबांनी माडीकडे पाहिलं. गॅलरीत चार टॉवेल वाळत होते, चारही एकसारखे.

"तक्रार आलीय. दर शनिवारी नवी गाडी, नवी माणसं. मटिल्डाबाईंचं माहेर भलतंच मोठं दिसतंय."

मुलगा ब्रायन कॅनडाला गेल्यापासून माडीवरच्या दोन खोल्या पास्कल सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने देत होता. परवाना नव्हता, पोलिसांत नोंद नव्हती, कर तर दूरच. बॅगा उतरायच्या आधीच तो प्रत्येकाला पढवायचा, कोणी विचारलं तर मटिल्डाच्या माहेरचे म्हणा. पकडलं गेलं की खोल्यांना कुलूप, आणि घर तर त्या खोल्यांवरच चालत होतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची रोझी मावशी आली. वय ऐंशी, घरात एकटी. पापडी गावात शेजाऱ्याचा पाहुणा तो आपलाच, म्हणून दर रविवारी सकाळी ती तांदळाचे गरम पोळे झाकून माडीवर नेऊन द्यायची. पास्कल ते पाहायचा आणि तोंड फिरवायचा. तिला खरं सांगायचं धाडस त्याला दोन वर्षांत झालं नव्हतं.

"त्याचे पावनेच हायेत ते," मावशी म्हणाली. गळ्यातली रोझरीची माळ तिने मुठीत धरली. "ही माळ हातात घेऊन सांगते."

साहेब वरमले. कागद पिशवीत घालून ते फाटकाकडे निघाले.

झालं, सुटलो. पास्कलला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याची नजर मावशीच्या मुठीवरून हलेना. आयुष्यात कधी शपथ न घेतलेली बाई आज त्याच्या थापेवर विश्वास ठेवून देवासमोर खोटी पडली होती. त्याला स्वतःची किळस आली. साहेबांनी मोटारसायकलला किक मारली तसा तो धावला.

"साहेब, थांबा! पाहुणे नाहीत ते. भाडं घेतो मी."

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग शांतपणे अर्ज काढून दिला. पोलिसांकडची नोंद, आग विझवायचं सिलिंडर, कर, दंड. परवाना हातात पडेपर्यंत खोल्या बंद. किती महिने लागतील ते साहेबांनाही सांगता येईना.

अर्जाची घडी करत पास्कल कुंपणापाशी आला. मान वर होत नव्हती.

"मावशी, मला माफ करा. तुम्हांला ठाऊक नव्हतं. तुमच्या शपथेचं पाप माझ्या माथी."

"ठाऊक नव्हतं?" मावशी म्हणाली. "गेल्या नाताळात ती चष्मेवाली पोरगी मला इचारत होती, आजी, हा नाश्ता भाड्यात धरलाय काय? तवाच कळलं."

पास्कलने मान वर केली. "मग माळ हातात घेऊन खोटं का बोललात?"

मावशीने बंद होणाऱ्या माडीकडे पाहिलं.

"आता रविवारी पोळे कुनासाठी करू, पास्कल?"